पांढरा म्हणजे काय, ते मी सांगतो

४ जून
संकल्प: आपल्या थिएटरच्या तिन्ही पडद्यांचा पांढरा रंग यापुढे मी, प्रोजेक्शनचा प्रमुख, जातीने तपासणार. चित्र नाही, आवाज नाही. रिकाम्या पडद्यावर नुसता प्रोजेक्टरचा उजेड. एक नंबरवर पाहिला, तर पिवळट! ऑपरेटर म्हणतो, साहेब, मीटर बरोबर दाखवतंय. मीटर म्हणजे पडद्याकडे रोखायची एक डबी, ती रंगाचे दोन आकडे देते. ०.३१४ आणि ०.३५१ आले की तो पांढरा, असं कंपनीचं फर्मान. उभा जन्म उजेडात गेला माझा. डबी मला शिकवणार! दिवा बदलायला लावला.

७ जून
नवा दिवाही पिवळट. काच पुसली. पडदा धुतला. दोन आणि तीन नंबरही पिवळटच. तिन्हीकडे एकच दोष म्हणजे दोष मीटरचा, हे शेंबडं पोरही सांगेल. डोळ्याला बरं वाटेपर्यंत तिन्हीकडे निळा वाढवत नेला. मग मीटरमध्येच दुरुस्तीचा आकडा घातला. आता तेही माझ्यासारखंच बोलतं.

११ जून
ठमीला, म्हणजे लेकीच्या मुलीला, शाळेतून मीच स्कूटरवर आणतो. लेक कामावरून येईपर्यंत ती थिएटरात माझ्याजवळ असते. आज पुढच्या रांगेत बसवून विचारलं, पडद्याचा रंग कोणता? म्हणाली, निळा. नीट बघ म्हटलं. नीट बघूनही निळाच म्हणाली. डोळा कच्चा आहे पोरीचा. रोज शिकवणी घ्यायची. बरोबर उत्तराला एक गोळी.

१५ जून
दुपारचा खेळ विनोदी, पण हॉलमध्ये हूं की चूं नाही. दरवान सांगत होता, एक बाई मध्यंतरातच निघून गेल्या. म्हणाल्या, पडद्यावरची माणसं मेलेली दिसतात, नुसती तोंडं हलताहेत. हल्ली नट मिळतात कुठे चांगले!
रस्त्यावरच्या दिव्यांभोवती आजकाल कडी दिसतात. स्वस्तातले बल्ब, दुसरं काय. ही म्हणते, एकदा डोळे दाखवून या. हिला स्वतःचा चष्मा कपाळावर असताना सापडत नाही.

१९ जून
हेड ऑफिसचा इंजिनिअर स्वतःचं मीटर घेऊन आला. त्यातही निळा. मी सुधारण्याआधी आपलं मीटरही हेच म्हणालं असतं; दोन्ही एकाच कंपनीची, चोर चोर मावसभाऊ. जाताना मॅनेजरच्या कानात काहीतरी कुजबुजला. तेव्हापासून मॅनेजर माझ्याशी फार गोड बोलतो. बढतीचं असावं.

२२ जून
चौकात ठमी मागून किंचाळली, आजोबा, लाल! तोवर मी निम्म्यात. ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हरने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. लाल कसला, विटका होता. रंग तरी धड वापरा म्हणावं.
थिएटरात आल्यावर पोरीला चांगली समज दिली. मोठ्यांना उलट बोलायचं नाही. रंगातलं कोणाला कळतं, विचारलं. मान खाली घालून म्हणाली, तुम्हाला. आईला काही सांगायचं नाही, हेही बजावलं. पाठीवरून हात फिरवला तेव्हा जरा थरथरत होती. एसी फार गार ठेवतात.

२६ जून
शिकवणी फळाला आली! आज ठमीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि म्हणाली, पांढरा. शाब्बास! दोन गोळ्या दिल्या. घरी हिला कौतुकाने सांगितलं. हिने हातातलं काम थांबवलं.

२९ जून
ऊन समोरून. सिग्नल कुठल्या शहाण्याने बसवलाय कोण जाणे, काही दिसत नव्हतं. माझा अंदाज हिरवा. तरी खबरदारी म्हणून ठमीला विचारलं, हिरवाच ना गं? म्हणाली, हो आजोबा, हिरवा.

२ जुलै
त्या सिग्नलवरच्या धडकेत ठमीचा हात दोन ठिकाणी मोडलाय. मला नुसतं खरचटलं. हॉस्पिटलात लेकीने विचारलं, बाबा, लाल दिसला नाही तुम्हाला? मी म्हटलं, मी ठमीला विचारून मगच गेलो. स्कूटरची किल्ली जावयाने काढून घेतली.
हीच ओढत डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. त्याने सगळं पिवळं दिसतं म्हणे. डॉक्टर अगदीच पोरगेला वाटला.

२० जुलै
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली. थिएटरात जाऊन तीन नंबरवर उजेड टाकायला लावला. डाव्या डोळ्याने पाहिलं, छान पांढरा. उजव्याने पाहिलं. निळा. प्रेताच्या ओठांचा असतो तसा. पुन्हा डाव्याने, पुन्हा उजव्याने. खुर्चीत बसूनच राहिलो. ऑपरेटरला म्हटलं, मी वाढवलेला निळा उतरव, मीटरमधला माझा आकडाही काढून टाक. म्हणाला, बाकी दोन्ही पडद्यांवरचा मॅनेजरनी कधीच उतरवायला लावला, साहेब, हा तेवढा तुमच्यासाठी ठेवला होता.

२१ जुलै
लेकीकडे गेलो. तिने दार उघडलं, बसा म्हणाली नाही. ठमी खिडकीशी होती, हात गळ्यात. तिला म्हटलं, आजोबा चुकले गं. पडदा निळाच होता. तुझं बरोबर होतं. यापुढे जे दिसेल तेच सांगायचं, कोणी रागावलं तरी.
तिने मान डोलावली. मला बरं वाटलं. खाली रस्त्यावर एक लालभडक गाडी उभी होती, नव्या डोळ्याला स्वच्छ दिसत होती. विचारलं, सांग बघू, ती गाडी कोणत्या रंगाची?
ठमीने खाली पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, तुम्ही सांगाल ती.