एका टिंबापायी

दिंद्रुड, मंगळवार, भर मे

चीड जात नाही म्हणून लिहितेय. एका टिंबापायी अख्खी वस्ती कोरडी राहिली!

पाणीपुरवठा सोसायटीच्या टँकरच्या फेऱ्या मी लिहिलेल्या प्रोग्रामवर ठरतात. काल त्यात गावामागची वस्ती घातली आणि फाइल सोसायटीला पाठवली. गेली ती जुनीच, बदल सेव्ह झालाच नव्हता. पूर्वी सेव्ह करायचं राहिलं की फाइलच्या नावाशेजारी ठळक पांढरं टिंब दिसायचं. मी ज्यात कोड लिहिते त्या ॲपचं रूप परवा बदललं. आता टिंब राखाडी, तेही राखाडी पट्टीवर. मला दिसलं नाही. की मी पाहिलंच नाही?

सकाळी बायकांनी घागरी रांगेत मांडल्या होत्या. टँकर न थांबता पुढं गेला.

दुपारी ॲपवाल्यांना तावातावानं कळवलं, की टिंब दिसत नाही, इथं लोकांचं पाणी चुकलं. तासाभरात उत्तर आलं: अभिप्रायाबद्दल आभार, नवं रूप बहुतेकांना डोळ्यांना शांत वाटतं.

शांत!

संध्याकाळी वस्तीवर गेले आणि घागरींच्या रांगेपाशी बसलेल्या सरूकाकूला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चांगलं दिसत व्हतं, तर कावून पुसलं त्यायनी? कळवलंस का?"

"कळवलं."

"मग काय म्हनले?"

"आभार मानले."

टँकर आता परवाच, हे काकूला ठाऊक होतं. तरी घरी जाताना तिनं रिकामी घागर उचलली नाही. रांगेतली जागा जाईल म्हणून.