ओवाळणीतला माळढोक

॥ श्री ॥

शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. १८ सप्टेंबर १९३२

चि. सौ. अनसूया हिस,

गंगाधरदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे आम्ही उभयता खुशाल. तिकडे रा. वेणीमाधवराव, तुझ्या सासूबाई आणि चि. मालती यांच्या प्रकृती चांगल्या असतील. मागच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, म्हणून तू रागावली असशील. राग पोचला असं समज.

शाळेत चित्रकलेचे वर्ग वाढवलेत, मास्तर मात्र होते तेवढेच. त्यामुळे आठवडाभर मी खडूने माखलेला असतो आणि रविवार तेवढा माझा. सकाळी कॅमेरा घेऊन कंबर तलावावर जातो. बगळे, शेकाटे, कधी एखादा खंड्या, जे समोर येईल त्याचा फोटो घेतो आणि परत येतो. तुझी वहिनी म्हणते की लोक रविवारी बाजारातून भाजी आणतात, आमच्याकडे पाखरं येतात, आणि तीही कागदावरची. जिन्याखालच्या खोलीत तांबडा दिवा लावून फोटो धुवायला बसलो की औषधाच्या वासाने तिचं डोकं उठतं. एवढं सोडलं तर संसार सुखाचा चालला आहे.

आता खरी बातमी. सोबत एक फोटो ठेवला आहे, तो माळढोकाचा. नान्नजच्या वाटेवर जो मोठा माळ लागतो, तिथे तो राहतो. मी फार दिवस त्याच्यामागे पायी हिंडलो, पण माणूस दिसला की तो गवतातून निघालाच. एकदा ऊन फार झालं म्हणून कल्लप्पाने मला गाडीत घेतलं. कल्लप्पा म्हणजे आपल्याकडे ज्वारी घालायला यायचे त्या शिवलिंगप्पांचा मुलगा. माळाला लागूनच त्याचं शेत आहे. गाडी माळढोकाच्या अगदी बाजूने गेली आणि तो जागचा हलला नाही. बैलगाडी तो रोज बघतो, तिची त्याला भीती नाही.

एक पथ्य मात्र आहे. गाडी थांबता कामा नये. चाकं फिरताहेत, घुंगरं वाजताहेत, कल्लप्पा बैलांना कानडीत काहीतरी सांगतो आहे, तोवर तो खुशाल टोळ टिपत राहतो. गाडी थांबली की तो लगेच उडतो. म्हणून आम्ही त्याच्याभोवती गोल गोल फिरत जवळ जातो. चालत्या गाडीतून काढलेला असल्यामुळे फोटो हलला आहे, तेवढं सांभाळून घे. तीन पावसाळे आम्ही असे फिरलो. आता तो आमची गाडी ओळखतो आणि चाकांनी उडालेले टोळ खायला चक्क बरोबर चालतो. मला त्याचा एवढा लळा लागला आहे की तुझी वहिनी हसते.

मालतीची चौथी झाली. पुढचं काय ठरलं ते कळव. लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे. हे आशीर्वाद.

तुझा
गंगाधरदादा

॥ श्री ॥

करकंब
ता. २ ऑक्टोबर १९३२

तीर्थस्वरूप गंगाधरदादांच्या चरणी,

बालके अनसूयेचा शि. सा. न. वि. वि. पत्र आणि फोटो पोचले. फोटो घरात सगळ्यांनी पाहिला. सासूबाईंना तो दोन काठ्यांवर ठेवलेला रांजण वाटला. मालती म्हणाली की आजी, रांजणाला मान आहे. मग मी तुझ्या पत्रातल्या दोन ओळी वाचून दाखवल्या, तेव्हा कुठे पक्षी आहे हे पटलं. वहिनीला सांग की तिचं दुःख मला समजतं. आमच्याकडे कॅमेरा नाही, पण रात्रंदिवस शाळेच्या गोष्टी आहेत.

मालतीचं विचारलंस. चौथीत ती पहिली आली. तिला इंग्रजी शिकायचं आहे आणि ते इथे नाही. शाळेतली मुलं कुर्डुवाडीला नाहीतर पंढरपूरला जातात, पण मुलीला कोण कुठे ठेवणार? म्हणून यांनी सोलापूरला बदली मागितली आहे. ती झाली तर मालती तुमच्याकडच्या मुलींच्या शाळेत जाईल आणि मी तुझ्या गल्लीत राहीन. इतकी वर्षं मी हे मनात धरून आहे, कधी बोलले नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिते ते सांगते. बदलीचा कागद ज्यांच्या सहीने निघायचा ते साहेब गेल्या आठवड्यात शाळा तपासायला आले होते. दुपारी ओसरीवर त्यांचं पान मांडलं. जेवणं झाल्यावर यांनी हौसेने तुझा फोटो दाखवला. साहेब शिकारी आहेत. हरीण, काळवीट, सगळं मारून झालं, माळढोक तेवढा कधी जवळ येऊ देत नाही म्हणून ते हळहळत होते. यांनी सांगून टाकलं की आमचे मेहुणे त्याच्या अंगाला गाडी लावतात, तुम्ही केव्हाही या. साहेब फार खूश झाले. जाताना म्हणाले की शिकार झाल्यावर बदलीचं बघतो. दोन्ही गोष्टी एका दमात बोलले. आम्हाला समजायचं ते समजलं.

दादा, शब्द देऊन झाला आहे. यंदाची भाऊबीजेची ओवाळणी मी आधीच मागते. आजवर तू तबकात घातलंस ते घेतलं, मागून काही घेतलं नाही. एक दिवस कल्लप्पाची गाडी आणि तू, एवढं दे. लिहायला जीव धजत नाही, पण मुलगी समोर बसून पाटीवर इंग्रजी अक्षरं गिरवते आहे. चुकत असले तर लहान म्हणून पोटात घाल.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझी
अनसूया

॥ श्री ॥

शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. ७ ऑक्टोबर १९३२

चि. सौ. अनसूयेस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र पोचलं. ओवाळणी दिली. शनिवारी ता. २२ रोजी साहेबांना घेऊन वेणीमाधवरावांनी यावं, रविवारी पहाटे माळावर जाऊ. मी स्टेशनवर असेन. जेवण आमच्याकडे.

कल्लप्पाशी बोललो. तो आधी बैलांची पाठ चोळत बसला. मग म्हणाला की मास्तर, गाडी काय, कवाबी न्या की, बहिणीचं काम हाय म्हणता तर मी न्हाय म्हणनार न्हाय. पर ते पाखरू आपल्या घुंगरांवर भरवसा ठिवून येतंय, त्याला कोन सांगनार? त्याचं उत्तर मी तुझ्याजवळ मागत नाही. तो गाडीला भीत नाही, हे त्याला मी शिकवलं. शिकवताना असं काही मनातही आलं नव्हतं.

ते असो. तू संकोच धरू नकोस. आई गेल्यावर तुला मी कडेवर घेऊन हिंडवलं, तेव्हाही तू हट्ट केला नाहीस. आज मागितलंस ते मुलीसाठी. मला वाईट वाटलं हे खरं, पण तुझा राग आला नाही.

आपल्या गल्लीत काशम्माच्या माडीवरच्या दोन खोल्या दिवाळीनंतर रिकाम्या होतात. उजेड चांगला आहे, नळ खाली. मुलींची शाळा जवळ. तुझ्यासाठी राखून ठेवायला सांगितल्या आहेत. तुझी वहिनी आत्ताच तिथे पडदे कसले लावायचे ते ठरवते आहे. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे मालती येणार म्हणून तिला कोण आनंद झाला आहे.

प्रकृतीला जप. जसा लोभ आहे तसाच राहील, याची खात्री बाळग. हे आशीर्वाद.

गंगाधरदादा

॥ श्री ॥

शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. २४ ऑक्टोबर १९३२

चि. सौ. अनसूयेस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. वेणीमाधवराव आज सकाळच्या गाडीने निघाले. ते तुला सांगतीलच, पण माझ्याकडून तुला वेगळं कळायला हवं.

काल आम्ही उजाडता उजाडता माळावर पोचलो. गाडीत साहेब, वेणीमाधवराव आणि मी, पुढे कल्लप्पा. शिकारीबरोबर आपला फोटो काढावा अशी साहेबांची इच्छा होती, म्हणून कॅमेरा माझ्या मांडीवर होता. गवत पिवळं पडत चाललं आहे. काही वेळ तो दिसेना, तेव्हा मला हायसं वाटू लागलं. मग ओढ्याकडून तो स्वतःच आला. नेहमीसारखा मान ताठ करून, एकेक पाऊल टाकत गाडीच्या बाजूला लागला. साहेबांनी बंदूक उचलली. गाडी हलत होती, त्यामुळे नेम धरता येईना.

तेव्हा साहेबांनी कल्लप्पाला गाडी उभी कर म्हणून खूण केली. गाडी उभी राहिली की हा पक्षी भांबावून बघत राहतो, तेव्हाच बार काढावा, असं कुणा जाणत्याने त्यांना सांगितलं होतं म्हणे. कल्लप्पाने वळून माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं की साहेब, थांबू नका, चालत्या गाडीतूनच जमवा. माझ्याच्याने ते झालं नाही. मी मान खाली घातली. कल्लप्पाने कासरा ओढला. घुंगरं थांबली आणि माळढोक उडाला. बार झाला तो हवेत गेला. तो ओढ्यापलीकडे गेलेला मी पाहिला. फोटो काढायचं भानही राहिलं नाही.

साहेब जेवायलाही थांबले नाहीत. वेणीमाधवरावांचा चेहरा बघवत नव्हता. अनसूये, गाडी दिली आणि ओवाळणी द्यायची राहिली, असा हा प्रकार झाला. तुझ्या मालतीच्या शाळेपेक्षा मी एक पाखरू मोठं धरलं. पाखरू वाचलं याचा आनंद होतो आणि त्या आनंदाचीच लाज वाटते. तू काय म्हणशील ते ऐकून घेईन.

भाऊबीजेला येऊ की नको, ते कळव.

दादा

॥ श्री ॥

करकंब
ता. २८ ऑक्टोबर १९३२

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी,

अनसूयेचा शि. सा. न. वि. वि. येऊ की नको काय विचारतोस? करंज्या तळून डबा भरून ठेवला आहे.

तू गप्प बसलास म्हणून पाखरू वाचलं, असं मनात घेऊन बसला असशील तर ते काढून टाक. तो मोठेपणा तुझा नाही. साहेबांना सांगणारी जाणती मी. निघण्याच्या आधी यांनी मला विचारलं की दादांनी पत्रात त्या गाडीची काय युक्ती लिहिली आहे, साहेबांना सांगायची आहे. पत्र फडताळात होतं. ते न काढता मी सांगितलं की गाडी थांबवल्याशिवाय बार काढायचा नाही, थांबली की तो उभा राहतो. यांनी तसंच साहेबांना सांगितलं. तू बोलला असतास तर उलट माझी फजिती झाली असती.

असं का केलं ते सांगते. तू नाही म्हणाला असतास तर मी रडले असते, रागावले असते, आणि साहेबांसाठी दुसरं काही शोधलं असतं. तू एका ओळीत ओवाळणी दिली म्हणून लिहिलंस आणि खाली काशम्माच्या खोल्यांतला उजेड कसा आहे ते लिहिलंस. ते वाचून मी पानावरून उठले. शब्द परत घेणं माझ्या हातात नव्हतं, कारण तो यांनी दिला होता. मग हातात होतं ते केलं. साहेबांना दिवसभर हिंडवलं, जेवू घातलं, तर पक्षी मिळाला नाही तरी ते आमचं काम करतील, असंही वाटलं होतं. दोन्ही साधेल म्हटलं. ते काही साधलं नाही. सोलापूरची जागा दुसऱ्याला मिळाली, कालच कळलं.

यांना मी सगळं सांगितलं. दोन दिवस सासूबाईंनी मला मीठ मागितलं तेही मालतीमार्फत. आज सकाळी हे शाळेत जायला निघाले, उंबऱ्यात थांबले आणि म्हणाले की बदली झाली असती तर दर रविवारी साहेबांची बंदूक मलाच वाहायला लागली असती. मग म्हणाले की मालतीला तिच्या मामाकडे पाठव. एवढं बोलून गेले. मी चुलीपुढे बसून रडले, पण हलकं वाटलं.

तेव्हा दादा, काशम्माला खोल्या दुसऱ्या कुणाला द्यायला सांग. वहिनीला म्हणावं, मालतीला सकाळी भाकरी ताजी लागते आणि वेणी घट्ट घातलेली आवडत नाही. झोपेत ती पांघरूण टाकते, तेवढं एकदा उठून बघावं. दहा वर्षांत ती माझ्याजवळून एक रात्र कुठे राहिलेली नाही. तिचे कपडे बांधायला घेतले आहेत, पण गाठोडं अजून माझ्याच्याने बांधून होत नाही.

भाऊबीजेला ये. पाट मांडीन, ओवाळीन. तबकात काही घालू नकोस. दुसऱ्या दिवशी गाडी लवकर सुटते, तेव्हा मालतीचा हात घट्ट धर आणि मी दारात उभी असले तरी मागे वळून बघायला तिला सांगू नकोस.

आहे तोच लोभ आता माझ्या लेकीवरही असावा, हे मागणं.

तुझी
अनसूया