मंगळवार माझा

मंगळ, ४ नोव्हें.
आजही सुट्टी गेली. सकाळी सहाला मॅनेजरचा फोन. "वैशालीताई, आजच्या दिवस ॲडजस्ट करा ना, मिलिंद येत नाहीये." मिलिंद येत नाही तर मिलिंदच्या घरी फोन करा! पण माझ्या तोंडून काय निघालं? "येते सर." स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटली.
शनि-रवि लोणावळ्यात मुंगीला शिरायला जागा नसते, म्हणून आम्हा हॉटेलवाल्यांची सुट्टी आठवड्याच्या मधे. माझी मंगळवारी. झोपायचं, डोक्याला तेल लावून ओट्यावर उन्हात बसायचं, कुणाशी बोलायचं नाही. एवढंच मागते. लागोपाठ तिसरा गेला.
झोप: ५ तास.

गुरु, ६ नोव्हें.
ब्रेक शिफ्ट. सकाळी ७ ते ११, परत ५ ते १०. मधले सहा तास "तुमचेच की", इति मॅनेजर. कुसगावहून औंढ्याला घरी पोचेपर्यंत बारा. जेवून जरा आडवी झाले तर सासूबाई दारात.
"दिवसाढवळ्या झोपतीस व्हय! भात झोडायचं पडलंय. लोकं काय म्हनत्याल?"
लोकांचं काय जातंय. ते नऊला घोरायला लागतात. तरी गेले मी खळ्यावर. साडेतीनपर्यंत झोडणी, मग साडी बदलून परत काउंटरवर. वेलकम सर, वेलकम मॅडम. एका मॅडमनी माझ्या केसातून भाताची काडी काढून हातात दिली. मेल्याहून मेल्यासारखं.
झोप: ५. तीही तुकड्यातुकड्यात.

सोम, १० नोव्हें.
नवीन टूम. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीचे तेवीस जण येणार. कशाला? झोपायला! तीन दिवस. काम, झोप आणि स्वतःचा वेळ यांचा तोल कसा सांभाळायचा ते त्यांना शिकवणार. आणि येणार कधी, तर मंगळवारी, कारण तेव्हा खोल्या रिकाम्या असतात. म्हणजे त्यांच्या झोपेपायी माझी सुट्टी!
म्हटलं, "सर, उद्या माझा ऑफ आहे."
हसला. "तुमच्यासारखं गोड बोलणारं दुसरं आहे का कुणी? पुढच्या मंगळवारी डबल घ्या."
सुट्टी डबल कशी घेतात? एका दिवसात दोनदा झोपून उठायचं? निर्लज्ज.

मंगळ, ११ नोव्हें.
शिकवणाऱ्या बाई बऱ्या आहेत. हॉलमध्ये पाणी ठेवायला गेले तेव्हा सांगत होत्या, झोपायची वेळ ठरलेली हवी, सुट्टीत कामाचा फोन उचलायचा नाही. मी पाण्याचा जग हातात धरून तशीच उभी. आज माझी सुट्टी होती, बाई!
सगळ्यांचे फोन काढून घेऊन वेताच्या टोपलीत, टोपली माझ्या काउंटरवर. कुणीही आलं तरी उचलायचे नाहीत, असा नियम. दिवसभर गुरगुरत होते मेले. तेवीस जण निवांत, राखण माझ्याकडे.

बुध, १२ नोव्हें.
टोपलीतला एकच फोन दुपारपर्यंत सतरा वेळा वाजला. घरी कुणाचं काही बरंवाईट झालं असेल, म्हणून नियम मोडून उचलला. फोनवाल्याचा ऑफिसातला साहेब निघाला. "किधर है वो? उठाओ उसको!"
म्हटलं, "सर, वो सो रहे हैं. मैं नहीं उठाऊँगी." आणि ठेवून दिला.
ज्याचा फोन, तो पोरगेलासा इंजिनिअर संध्याकाळी येऊन म्हणाला, "ताई, माझ्यासाठी असं आजवर कुणी बोललं नव्हतं." डोळ्यांत पाणी त्याच्या. मॅनेजरनी मात्र सगळ्यांदेखत झापलं. गेस्टचा फोन उचलताच कसा, वगैरे.
झापल्याचं काही नाही. घरी येताना रिक्षात राग आला तो स्वतःचाच. परक्याच्या झोपेसाठी जीभ चालते. स्वतःच्या वेळी कुठे जाते?

सोम, १७ नोव्हें.
सांगून टाकलं. "सर, उद्या येणार नाही, फोनही घेणार नाही." तो म्हणाला, "बघू." त्याचं बघू म्हणजे सकाळी सहाला.
रात्री जेवताना घरात सांगितलं. संतोष ताटात बघत बसला. बायकोची बाजू घ्यायची म्हटलं की यांना भाकरीच दिसते. सा.बा. म्हणाल्या, "आन् काढून टाकलं म्हंजी?"
मग माझाही तोल गेला. पाच तास झोपते, डोकं ठणकतं, उभ्या उभ्या डोळा लागतो, सगळं बोलले. त्या फोनचंही सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. मग एकदम तडकल्या, "आमाला कुनी झोपू दिलं? बाळंतपनातबी न्हाई." कुणावर तडकल्या कळलं नाही. भांडी मात्र त्यांनीच घासली.
फोन तांदळाच्या डब्यात ठेवलाय.

मंगळ, १८ नोव्हें.
सहाला डबा गुरगुरला. पाय खाली टाकलेच होते मी, सवयच तशी. तेवढ्यात झाकण उघडल्याचा आवाज, आणि सा.बा.
"कोन? ... झोपलीया ती. ... न्हाई, उठवायची न्हाई. ... लयच नड आसंल तर तुमी या हिकडं, भात झोडायचंय."
झाकण बंद. पांघरूण ओढलं ते थेट अकराला उठले.
झोप: साडेबारा तास! दोनदा मोजले.
तेल लावून ओट्यावर बसून लिहितेय. उद्या सातला हजर होणार. ड्युटीच्या तक्त्यात माझं नाव असेल की नसेल, त्याची भीती आहेच, खोटं कशाला लिहू. पण नसलं तरी सांगणार, मंगळवार माझा.
अडीच वाजलेत. झोडणी तशीच पडलीय आणि सा.बा. आत चटईवर गाढ झोपल्यात, दिवसाढवळ्या, तोंड उघडं टाकून. डबा मघापासून परत गुरगुरतोय. हळूच आत जाऊन त्याच्यावर गोधडी टाकून आले. त्यांची झोप मोडायला नको.