ब्रशांविषयी विचारलेस म्हणून

सोमवार, ता. १४

चिरंजीवास आशीर्वाद.

आम्ही उभयता ठीक आहोत. तुझ्या आईचा गुडघा दुखतो, पण ती ते कबूल करत नाही. माझे दुकान चालू आहे.

नव्या दुकानासाठी बॅजर नावाच्या परदेशी प्राण्याच्या केसांचे दाढीचे ब्रश घ्यायचे आहेत, कोणते घ्यावेत ते बाबांना विचार, असे तू आईला लिहिलेस. उत्तर मीच देत आहे. तिने लिहिले असते तर प्रकारांची सरमिसळ झाली असती.

प्रकार मुख्यतः तीन. पहिला गडद करड्या केसांचा. केस राठ, टोके टोचरी. दाट दाढीत फेस मुळापर्यंत पोहोचवतो, परंतु नाजूक कातडीचा माणूस कुरकुरतो. दुसरा मधला. त्याचे केस बारीक, टोके फिकट, मध्ये काळा पट्टा. तिसरा चंदेरी टोकांचा. तो गालावर फिरला की गिऱ्हाइकाला डुलकी लागते. पाणी भरपूर धरतो, फेस सायीसारखा येतो. काही लबाड व्यापारी हलक्या केसांची टोके रंग उडवून पांढरी करतात व चंदेरी म्हणून खपवतात. अशी टोके बोटांना ठिसूळ लागतात. रोजच्या कामास मधला घ्यावास. चंदेरी एखादाच असावा.

इतके वाचून दाखवल्यावर तुझी आई म्हणाली, "ब्रशाची सात पिढ्यांची हकिकत झाली. आता पोराला काही लिहाल की नाही?"

तेव्हा लिहितो.

वरील ज्ञान माझे नाही. ते महिन्याभरापूर्वी मिळाले. मी जन्मभर डुकराच्या केसांचा ब्रश वापरला. तो कढत पाण्यात भिजवल्याखेरीज नरम पडत नाही. सहा वर्षांपूर्वी तू पहिल्या कमाईतून माझ्यासाठी चंदेरी ब्रश आणलास, तोही मी सवयीने किटलीतल्या उकळत्या पाण्यात बुडवला. शेजारच्या टेलरच्या गालावर फिरवताच केसांचा पुंजका सुटून आला. टेलर म्हणाला, "ब्रश आहे का टक्कल पडलेला म्हातारा?" सगळे हसले.

तू म्हणालास, "बाबा, पाणी फार कढत होतं."

मी भर दुकानात म्हणालो, "पाणी कसं असावं ते मला शिकवतोस? नकली माल गळ्यात मारून घेतलास. अकलेचा खंदक!" तू अंगावरचा एप्रन काढून खुंटीला अडकवलास आणि गेलास, तो गेलासच.

गेल्या महिन्यात एक फिरता विक्रेता आला. त्याचा नमुना मी किटलीकडे नेताच त्याने माझे मनगट धरले. "आजोबा, हे डुकराचे केस नव्हेत! उकळत्या पाण्याने बुडाचा गोंद सुटतो. कोमट पाणी पुरे." मी त्याला बसवून घेतले आणि सर्व प्रकार विचारून घेतले. त्याला वाटले, मोठा सौदा होणार.

तुझा ब्रश अस्सल होता.

अपमान चारचौघांत केला होता, म्हणून रविवारी गर्दीच्या वेळी वस्तरा खाली ठेवून मी सांगितले, "माझा मुलगा बरोबर होता. चूक माझी होती." मग टेलर म्हणाला, "ते आम्हाला तेव्हाच कळलं होतं. ब्रशातून वाफ निघत होती की!"

म्हणजे सहा वर्षे मी एकटाच अडाणी होतो.

दुकानाच्या उद्घाटनाचे निमंत्रण आईच्या नावे आले आहे. त्यात माझे नाव नाही. तू विसरलास असे मी समजत नाही. तुझ्या जागी मीही घातले नसते. आता घालावेसे वाटले तर एक ओळ लिही, मी येईन. नाही वाटले तर आईला मी बसमध्ये बसवून देईन. तिला उतरवून घ्यायला तू स्वतः ये. पायरी उंच असते आणि ती कोणाचा हात मागत नाही. मीही कधी मागितला नाही. आज मागत आहे.

तुझ्याहून कमी जाणणारा,
तुझा बाप