तिसऱ्या मजल्यावरची सहावी खिडकी

गुरुवार, १४ तारीख

प्रिय दादा,

नमस्कार. तू खुशाल असशील असं धरून चालते. इकडे आम्ही बरे आहोत, आईची तब्येत वयाप्रमाणे. तुझा घड्याळजी मित्र परवा अचानक भेटला. तुझा पत्ता काही केल्या देईना. "पत्र दे, पोचवीन. पुढचं त्याचं तो बघेल," म्हणाला. म्हणून हे त्याच्या हाती देतेय.

आधी जरा फुशारकी मारून घेते. नगरभवनाची अख्खी दर्शनी भिंत सध्या माझी आहे. नुसती रोषणाई नाही हं! प्रत्येक खिडकीमागे दिवा बसवलाय. अंधार पडला की आधी खालची एक खिडकी उजळते, मग जिन्याची, मग वरची. दिसत कोणीच नाही, पण कोणीतरी घरी परततंय हे समजतं. लोक माना वर करून बघत राहतात. ज्या ठेंगीला बटणापाशी पोचायला तू स्टूल द्यायचास, तिला आता क्रेन मिळते.

फक्त तिसऱ्या मजल्यावरची डावीकडून सहावी खिडकी ऐकत नाही. बाकीच्या सगळ्या विझल्या की ती दोनदा लागते आणि बंद होते. तिथले अभियंते रोज मागे लागतात. "बाई, तो दिवा बिघडलाय. बदला, नाहीतर काढून तरी टाका." मी रोज म्हणते, बघते.

तो बिघडलेला नाही. तुला कळलंच असेल. अण्णा झोपले की मी स्वयंपाकघराच्या खिडकीतला दिवा दोनदा बंद-चालू करायची आणि तू चपला हातात घेऊन तीन मजले चढायचास. आई ताट झाकून ठेवायची आणि झोपेचं सोंग घ्यायची. तू याच शहरात असलास तर कधीतरी नगरभवनासमोरून जाशील, एवढ्या एका आशेवर हे काम मी मागून घेतलं. कला वगैरे उद्घाटनाच्या भाषणापुरती.

अण्णा जाऊन चार वर्षं झाली. तुझ्या मित्राने सांगितलं असेल.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. अण्णांशी भांडून तू घर सोडलंस, त्यानंतर वर्षभराने एकदा आला होतास. समोरच्या खांबाखाली उभा होतास, हातात पिशवी होती. मी पाहिलं तुला. अण्णा केव्हाच घोरत होते. माझा हात बटणावर होता. चांगली तेवीस वर्षांची घोडी होते, स्टूलही लागत नव्हतं. पण सगळं माझ्या गळ्यात टाकून तू निघून गेला होतास आणि माझं डोकं फिरलं होतं. म्हटलं, राहू दे उभा, कळू दे जरा. उद्या येईलच की परत. तू पाऊण तास थांबलास. मग गेलास.

त्याला नऊ वर्षं झाली. तुला वाटलं असेल, आम्हालाच तू नकोस. आईला वाटत राहिलं, तू कधी आलाच नाहीस. मी दोघांनाही तसंच वाटू दिलं.

वर 'वयाप्रमाणे' लिहिलंय ते खोटं आहे. आई अंथरुणाला खिळली आहे. डॉक्टरांनी हात टेकले, फार तर आठवडा म्हणतात. जिन्यात पाऊल वाजलं की ती दाराकडे बघते, आणि मला तिच्याकडे बघवत नाही. नगरभवनावरचे दिवे रविवारी उतरवणार. मुदत वाढवून मागताना अभियंत्यांच्या पाया पडायचीच काय ती बाकी राहिले. जमत नाही म्हणाले.

आज दुपारी आईला सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, तोंड फिरवेल. ती म्हणाली, "पाऊण तास उभा होता? उपाशी असेल गं." आणि थोड्या वेळाने, "बसलीस काय अशी? दिवा लाव."

लावलाय, दादा. आपल्या स्वयंपाकघरातला, भर दुपारपासून. आता दोनदा वगैरे नाही, चालूच ठेवणार आहे. ताटही झाकून ठेवलंय. मला माफ करू नकोस हवं तर, माझ्याशी बोलूही नकोस. पण ये. आणि येताना चपला हातात घेऊ नकोस. चांगल्या वाजवत ये, तिला तळमजल्यापासून ऐकू येऊ देत.

बटणापाशी उभी असलेली,
तुझी ठेंगी