पंपावरचं झेंडूचं फूल

६ ऑक्टोबर २००२
पुन्हा गोठून जेल झालं. फ्लास्कमधलं छान पातळ होतं, चहा घेऊन येते तोवर रबराचा गोळा. हे असते तर आधी हसले असते, मग म्हणाले असते, घाई केलीस. घाईच केली. पॉलिमरच्या साखळीला जे हात जोडतेय तेच एकमेकांत अडकतात. उष्णता कमी हवी.
लाकडावरच्या लेपासाठी ह्यांनी केलेल्या मूळ पॉलिमरच्या आता दोनच बाटल्या. मी करते तो तसा येत नाही. गेलेल्या माणसाला विचारणार कुठे.

९ ऑक्टोबर
बाटलीतलं चमचाभर घेऊन पाहिलं. फ्लास्कखालचा हीटर मंद ठेवला, आणि माशांच्या टाकीचा पंप लावून सारखी हवा सोडली. हवा मिळाल्याशिवाय गोठणं रोखणारं इनहिबिटर कामाला लागत नाही, जावई आहे नुसता. दिवसभर पातळ राहिलं! लाकडाला लावून उन्हात ठेवलं, कडक झालं. मामंजींनी नख मारून बघितलं. फाउंड्रीच्या साच्यांसाठी लाकडी पॅटर्न करण्यात त्यांचा जन्म गेला. म्हणाले, "विलासनं माझ्या पॅटर्नसाठीच काढलंतं हे." आणि बाहेर निघून गेले.

१३ ऑक्टोबर
उद्या खंडेनवमी. ह्यांना जाऊन वर्ष झालं नाही, यंदा सण नाही, ह्यांच्या वर्कशॉपच्या शेडमध्ये पूजा नाही. तर मग एक अख्खी बाटली उद्याच फ्लास्कमध्ये शिजायला लावते. सकाळी लावून कोडोलीला आईकडे जाऊन येईन. पंप चालू असला की झालं.

१४ ऑक्टोबर
कोडोलीहून येऊन शेड उघडली तर शांत. पंपाचा आवाज नाही. पंपावर हळदकुंकू, झेंडूचं फूल. लेथवर, ड्रिलवर, ह्यांच्या पान्यांवरसुद्धा. फ्लास्कमध्ये घट्ट गोळा, हवेची नळी त्यात रुतलेली.
मामंजी म्हणाले, "दुखवटा आपल्याला हाय, सूनबाई. हत्यारांनी काय पाप केलंय? विलासनं कधी चुकवलं न्हाई. आज मशीनला इसावा द्यायचा असतो."
"मग खालचा हीटर का चालू ठेवलात?"
"ती शेगडी हाय की. चुलीला कोण इसावा देतं व्हय?"
ओरडले मी. तुमच्या पोराच्या हातचं होतं ते, असं म्हणाले मी. म्हाताऱ्या माणसाला. सासरे पायरीवर जाऊन बसले.

१५ ऑक्टोबर
दसरा. मामंजी जेवले नाहीत. शेडमध्ये सापडले, फ्लास्क मांडीवर, बारीक पटाशीने जेल कोरत होते.
"गरम केलं की परत पातळ हुतंय का गं?"
नाही हो मामंजी. मेण नाही ते. एकदा धरलेलं सुटत नाही.
मग ते रडले. मीही. ह्यांच्या दहाव्यालाही मला रडू आलं नव्हतं.

१९ ऑक्टोबर
शेवटची बाटली काढली. लेबलवर ह्यांचं अक्षर, तिरकं. बूच उघडवेना. मामंजींना म्हटलं, राहू दे कपाटात, त्यांच्या हातचं काहीतरी असू दे घरात.
त्यांनी लेबलवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "न्हाई वापरलंस तर त्यानं केलंतं कशाला?"
पंपावरचं सुकलेलं फूल त्यांनीच काढलं. नळी धुऊन दिली. आता स्टूल घेऊन पंपापाशी बसलेत, आज हलणार नाही म्हणतात.
हे लिहितेय तर पुन्हा विचारतायत, "लावू का चालू?"
बाटली पुढ्यात आहे. बूच अजून उघडलेलं नाही.