डाव्या पायाचा महिना

१ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी ६.४०
शाळेच्या चौदा वर्षांखालच्या टीमची यादी लागली. मी नाही. टोपी आहे. टोपी, माझा सख्खा मित्र, ज्याला बुटाची नाडीसुद्धा एका दमात बांधता येत नाही. सर सगळ्यांसमोर म्हणाले, तुझा डावा पाय नुसता उभं राहायला आणलायस का? सगळी पोरं हसली. टोपी सगळ्यात शेवटी हसायचा थांबला.
दोन जागा अजून रिकाम्या आहेत. २८ तारखेला शेवटची ट्रायल. ऑगस्टमध्ये मला चौदा पूर्ण होतात, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.
निर्णय: महिनाभर एकट्याने सराव, मागच्या अंगणात. संध्याकाळी मैदानावर पोरं खेळतात, तिकडे फिरकायचं नाही. गर्दीत माझं लक्ष लागत नाही. पहाटे पाचला उठणे, पन्नास दंड, डाव्या पायाने दोनशे किक. २८ ला सरांचा चेहरा बघण्यासारखा होणार.

२ फेब्रुवारी, सकाळी ७.५०
गजर वाजलाच नाही. ताई म्हणते वाजला, आणि मीच तिला म्हणालो की बंद कर ना गं. मला असं काही आठवत नाही, त्यामुळे ते धरता येणार नाही.

२ फेब्रुवारी, संध्याकाळी
दंड: अकरा. सुरुवातीला शरीरावर ताण देऊ नये. किक: चाळीस. पैकी सहा भिंतीला लागल्या, एक आईच्या कुंडीला. कुंडी आधीच तडकलेली असणार.

४ फेब्रुवारी
एकट्याने सराव करायचा म्हणजे कोचही आपणच. कोच म्हणून मी स्वतःला उशिरा आल्याबद्दल झापलं. खेळाडू म्हणून मला ते अजिबात पटलं नाही. वातावरण तंग आहे.

५ फेब्रुवारी
खेळाडूने सुट्टी मागितली. कोचने दिली. टीममध्ये एकी हवी.

७ फेब्रुवारी
भिंतीपाशी दोन बादल्या ठेवून त्यांच्यामधून चेंडू घालवायचा, असा नवा ड्रिल. पंचवीस मिनिटांनी आई एक बादली कपड्यांसाठी घेऊन गेली. म्हणाली, तुझा वर्ल्ड कप होईपर्यंत मी कपडे धुवायचे थांबू का? या घरात खेळाला वातावरण नाही. आता गोल म्हणजे एक बादली आणि ताईची चप्पल.

९ फेब्रुवारी
चेंडू सारखा डावीकडे जातो. आधी वाटलं पाय वाकडा आहे. मग माझ्या लक्षात आलं की बादलीच्या उजवीकडे दोन वीत नेम धरला की चेंडू बरोब्बर आत जातो. हे कोणत्याही कोचने शिकवलं नसतं. स्वतः शोधलं.
बाबा कामावरून येऊन पाय धूत होते. बाबा फरश्या बसवतात, हे अंगणही त्यांनीच केलंय. थोडा वेळ बघून म्हणाले, अरे, हे अंगण पाणी जायला केलंय, खेळायला नाही. मैदानावर जा, चार पोरांत खेळ. बाबांना फुटबॉलमधलं काय कळतं. (अधोरेखित.)

१३ फेब्रुवारी
वीस पैकी नऊ गोल.

१६ फेब्रुवारी
वीस पैकी चौदा. ताईला बघायला बोलावलं. ती म्हणाली, छान, आता माझी चप्पल दे.

१८ फेब्रुवारी
टोपी घरी आला होता. संध्याकाळी ये की मैदानावर, म्हणाला. मी सांगितलं की माझं ट्रेनिंग वेगळ्या लेव्हलवर चालू आहे. तो जरा वेळ फाटकाला रेलून उभा राहिला, मग गेला. जळतोय. चालायचंच.

२२ फेब्रुवारी
वीस पैकी एकोणीस. विसावा बादलीला लागला, म्हणजे तोही जवळजवळ गोलच. कोचने मला कॅप्टन केलं. मी आढेवेढे घेतले नाहीत.

२७ फेब्रुवारी
वीस पैकी वीस. तीनदा. डोळे मिटूनही एक. दंड अजून अकराच आहेत, पण फुटबॉल हातांनी खेळत नाहीत.
निवड झाल्यावर सरांना काय सांगायचं ते लिहून ठेवलं आहे. उद्धट वाटू नये म्हणून दोन वाक्यं खोडली.

२८ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी १२.१०
मैदानच वाकडं आहे.
नीट लिहितो. सरांनी जोड्या लावल्या. समोरच्या जोडीदाराकडे डाव्या पायाने पास द्यायचा, मध्ये ठेवलेल्या प्लास्टिकच्या दोन कोनांमधून. माझा जोडीदार टोपी. मी सवयीप्रमाणे दोन वीत उजवीकडे नेम धरला. चेंडू दोन वीत उजवीकडे गेला. दुसराही. तिसराही. टोपी बिचारा दर वेळी पळून चेंडू आणत होता आणि हळूच सांगत होता, अरे, माझ्याकडे बघून मार. मी म्हणालो, तू नीट उभा राहा. सातव्या पासानंतर मी सरांना सांगितलं की सर, मैदानाला उतार आहे. सरांनी चेंडू मैदानाच्या मधोमध ठेवला आणि हात काढून घेतला. चेंडू जागचा हलला नाही. सगळे बघत होते. या वेळी कोणी हसलं नाही, ते जास्त वाईट होतं.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी
बाबांनी कामाच्या पिशवीतली लेव्हलची पट्टी काढून अंगणात ठेवली. आतला बुडबुडा थेट टोकाला जाऊन बसला. चांगला उतार दिलाय, पाणी जाळीकडे जायला, म्हणाले. आवाजात जरा अभिमानच होता. मी विचारलं, मग सांगितलं का नाही? म्हणाले, सांगितलं होतं की. मी ही वही उघडून बघितली. सांगितलं होतं.
म्हणजे महिनाभर मी अंगणात खेळायला शिकलो. जेवलो नाही. आईने दोनदा हाक मारली, मग ताट झाकून ठेवलं. मला फार, फार राग आलाय आणि तो नेमका कोणावर काढायचा तेच कळत नाही.

१ मार्च, रविवार, दुपारी
यादी लागली. दोन नावं. माझं नाही.
सर म्हणाले, डाव्या पायात आता ताकद आलीय, मेहनत दिसते. पण तू पास देताना समोर माणूस आहे हे बघतच नाहीस. नेम चुकला तर दोन दिवसांत सुधारतो रे, म्हणाले, हे दोन दिवसांत सुधारत नाही.

१ मार्च, संध्याकाळी ५.३०
टोपी खाली आलाय. सांगत होता, महिनाभर मैदानावर एक जण कमी असायचा. पाच विरुद्ध चार. रोज दहा मिनिटं तुझी वाट बघायचो आणि मग सुरू करायचो. सरही कधीकधी कट्ट्यावर बसून बघायचे. आज तरी चल, म्हणाला, आजही एक कमी आहे.
गर्दीत लक्ष लागत नाही असं मी पहिल्या दिवशी लिहिलंय. तसं काही नव्हतं. सगळे परत हसतील, असं वाटलं होतं.
खिडकीतून टोपीला सांगितलं की पाय दुखतोय, तुम्ही खेळा. तो बरं म्हणाला आणि गेला.
पाय दुखत नाहीये.